बंडखोरांचा गणवेश

मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी बोरघाट चढून लोणावळ्यास येते आणि पुढे मावळातून धावू लागते. 1970 नंतरच्या दशकात याच मार्गाने पुष्कळ पाश्चात्त्य तरुण-तरुणींनी पुणे गाठले. वाढलेले केस, गळ्यात मणी, खांद्यावर झोळी असा वेष दिसला की लोक त्यांना सरसकट ‘हिप्पी’ म्हणत. कोणाचेही न ऐकण्याचा निर्धार करून घर सोडलेली ही पिढी एकमेकांसारखी इतकी कशी दिसू लागली, हा प्रश्न इतिहासाच्या वाचकाने विचारण्याजोगा आहे.

या चळवळीचा उगम अमेरिकेतला. व्हिएतनामचे युद्ध आणि वडीलधाऱ्यांनी आखून दिलेली नोकरी, घर व मोटार यांची चाकोरी, या दोहोंना विटून 1967 च्या उन्हाळ्यात हजारो तरुण सॅन फ्रान्सिस्को येथील हाइट-ॲशबरी वस्तीत गोळा झाले. त्यांच्या तक्रारीत तथ्य होते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच वर्षी 6 ऑक्टोबर रोजी त्यांच्यातल्याच काहींनी ‘हिप्पी’ची लटकी प्रेतयात्रा काढली. वृत्तपत्रांनी आणि बाजाराने आपल्या बंडाचा एक ठरीव साचा करून टाकला, ही त्यांची व्यथा होती. चाकोरी मोडणाऱ्यांची नवी चाकोरी काही महिन्यांतच पडली होती.

पुण्यात याचा पुढचा अध्याय घडला. 1974 साली कोरेगाव पार्कात रजनीश यांचा आश्रम सुरू झाला आणि हिप्पी जीवन अनुभवलेले अनेक जण तेथे स्थिरावले. परंपरा झुगारून स्वतःचा शोध घ्या, अशी तेथील शिकवण. तथापि दीक्षा घेणाऱ्यास भगवी वस्त्रे, नवे नाव आणि गुरूंचे छायाचित्र असलेली 108 मण्यांची माळ स्वीकारावी लागे. 1981 मध्ये रजनीश अमेरिकेस गेले. ऑरेगन राज्यात त्यांच्या अनुयायांनी नगर वसविले. 1984 साली त्यांतील काहींनी जवळच्या द डॅल्स गावातील उपाहारगृहांच्या अन्नात रोगजंतू मिसळले. 751 माणसे आजारी पडली. बहुसंख्य अनुयायांना या कटाची वार्ताही नव्हती. पण वरून आलेल्या आज्ञेविषयी प्रश्न न विचारण्याची सवय ज्या समूहात रुजते, तेथे असे कृत्य लपून राहणे सोपे जाते. 1985 मध्ये, आता विशिष्ट रंगाची व माळेची आवश्यकता नाही, असे गुरूंनीच जाहीर केले. एका शब्दाने चढलेला वेष एका शब्दाने उतरला. पुढे 1989 च्या सुमारास पुण्याच्या आश्रमात मरून रंगाचे झगे आलेच.

मळवली स्थानकाच्या एका अंगास भाजे व दुसऱ्या अंगास कार्ले येथील लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी घर सोडून आलेले बौद्ध भिक्षू तेथे राहत. त्यांचाही वेष एकच होता. मात्र ‘आम्हांस नियम नाहीत’ असे ते कधी म्हणाले नाहीत. विनयाचे नियम ते दर पंधरवड्यास एकत्र बसून म्हणत. सर्वांना ठाऊक असलेला नियम तपासता येतो आणि नियम मोडणाऱ्या वडीलधाऱ्यालाही त्याची आठवण देता येते. जो नियम कोणी उच्चारतच नाही, त्याविरुद्ध दाद मागावी तरी कोणाकडे? अशा समूहात एकच शिक्षा उरते, परके ठरण्याची; आणि घर सोडून आलेल्या तरुणास तिचेच भय सर्वांत अधिक असते.

वाचकहो, आपल्या घरातील तरुण केस वाढवतात, मित्रांसारखे कपडे घालतात. तेवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. त्यांना एवढेच विचारावे, की तुझ्या मित्रमंडळात ‘नाही’ म्हणणाऱ्यास जागा आहे काय? आणि हाच प्रश्न त्यांनी आपल्या घराविषयी आपल्याला विचारला, तर त्याचेही उत्तर आपल्यापाशी असावे.