बांदा बेटे

बांदा बेटे : इंडोनेशियाच्या मालुकू प्रांतातील छोट्या ज्वालामुखीजन्य बेटांचा समूह. क्षेत्रफळ सु. १८० चौ. किमी. बांदा समुद्रात सेराम बेटाच्या दक्षिणेस सु. १४० किमी.वर ही बेटे आहेत. बांदा बेसार (लोंतोर) सर्वांत मोठे असून मुख्य गाव व बंदर बांदा नैरावर आहे. समोरचा गुनुंग अपी (अग्निपर्वत) समुद्रातून थेट सु. ६५० मी. उंच चढतो, १९८८ मध्ये त्याचा उद्रेक झाला. आय, रुन व हत्ता ही आणखी काही बेटे. सिंधुदुर्गातील तेरेखोलकाठच्या बांद्याशी केवळ नामसाम्य.

जायफळ : ज्वालामुखीची निचऱ्याची माती, बारमाही दमट हवा आणि उंच कानारी वृक्षांची सावली यांत जायफळाचे सदाहरित झाड वाढते. नर व मादी झाडे बहुधा वेगळी असतात. पिवळसर फळ पिकले की उभे तडकते. आत काळपट तपकिरी कवच आणि त्याला बिलगलेली लालभडक जाळी दिसते. ही जाळी म्हणजे जायपत्री व कवचातला गर म्हणजे जायफळ. बी कित्येक आठवडे वाळवतात. हलवल्यावर आत खुळखुळली की कवच फोडतात. सहाणेवर बाळगुटीसाठी उगाळले जाणारे आणि पुरणात किसून पडणारे हे फळ अनेक शतके जगाला फक्त याच बेटांकडून मिळत होते.

इतिहास : मोसमी वाऱ्यांवर जावा-मलायाचे व्यापारी जायफळ मलाक्कास नेत, तेथून गुजराती व्यापारी ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणत. १५११ मध्ये मलाक्का जिंकल्यावर पोर्तुगीज १५१२ मध्ये बांदाला पोहोचले. डचांनी मक्तेदारीसाठी १६०९ मध्ये नैरावर नासाऊ किल्ला उभारायला घेतला. १६२१ मध्ये डच गव्हर्नर-जनरल यान पीटरसून कून याने बेटे जिंकून ४४ प्रमुखांना (ओरांग काया) ठार केले. सु. १५,००० रहिवाशांपैकी बहुतेक जण मारले गेले, उपासमारीने दगावले, गुलाम झाले किंवा परागंदा झाले. केई बेटांवर पळून गेलेल्यांच्या वंशजांत बांदाची मूळ भाषा टिकली. बांदावर ती उरली नाही. बागांचे ‘पर्क’ नावाचे तुकडे पाडून त्यांवर बाहेरून आणलेले गुलाम राबवण्यात आले. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात रुनवरील हक्क डचांकडे राहिला आणि मॅनहॅटन इंग्रजांकडे.

मक्तेदारीचा शेवट : अठराव्या शतकात फ्रेंचांनी मॉरिशसला रोपे पळवली. १७९६ मध्ये इंग्रजांनी बांदा घेतल्यावर रोपे पिनांग व इतर वसाहतींत गेली; पुढे ग्रेनाडातही लागवड झाली. कोकणात आज नारळ-सुपारीच्या बागांत, माडांच्या सावलीत जायफळ पिकते. बियांपासूनच्या रोपांत नर किती निघतील हे फुलोऱ्यापर्यंत कळत नाही, म्हणून बागायतदार मादी झाडाची कलमे लावतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा, कोकण स्वाद या जाती दिल्या आहेत.

अर्वाचीन काळ : डच सरकारने १९३६ ते १९४२ या काळात मोहम्मद हत्ता व सुतान शहरीर यांना नैरावर स्थानबद्ध ठेवले होते. ते पुढे अनुक्रमे इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष व पहिले पंतप्रधान झाले. जायफळ, मासेमारी व पर्यटन हे आजचे व्यवसाय.