मागणीपत्रावर लिहिलेल्या कथा

एखाद्या कादंबरीतील, चित्रपटातील किंवा दूरचित्रवाणी मालिकेतील पात्रे घेऊन तिच्या चाहत्यांनी हौसेने आणि बिनमोबदला लिहिलेल्या नव्या कथांना फॅन फिक्शन म्हणतात. मराठीत त्यांना चाहतेकथा म्हणता येईल. या लेखनप्रकाराची चर्चा बहुधा स्वामित्वहक्काच्या वादापाशी अडकते, आणि त्यामुळे या मंडळींनी लेखन अडू नये म्हणून किती बारकाईने व्यवस्था उभारली होती, याकडे पुरेसे लक्ष जात नाही. इच्छा आणि क्षमता असूनही लेखणी न चालण्याच्या अवस्थेला ‘रायटर्स ब्लॉक’, म्हणजे लेखनावरोध, हे नाव १९४० च्या दशकात मिळाले आणि त्याचे श्रेय मनोविश्लेषक एडमंड बर्गलर यांना दिले जाते. बर्गलर यांनी या अवरोधाचे मूळ लेखकाच्या मनात शोधले. चाहतेकथांच्या जगाने, कोणताही सिद्धान्त न मांडता, ते लेखकाच्या भोवतालात आहे असे धरून उपाय केले.

या उपायांची सुरुवात कागदावर झाली. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ‘स्पॉकानालिया’ हे तिच्या चाहत्यांचे पहिले नियतकालिक निघाले. सायक्लोस्टाइल यंत्रावर छापून टपालाने आणि संमेलनांतून फिरणाऱ्या अशा अंकांना फॅनझिन म्हणत. कथेवर वाचकांची पत्रे येत, आणि पुढच्या अंकाच्या तयारीला लागलेली संपादिका लेखिकेच्या मागे लागे. (या लेखनात स्त्रियांचा वाटा आरंभापासूनच मोठा होता.) १९८० च्या दशकात ब्रिटनमधील विज्ञानकथाप्रेमींनी ‘ड्रॅबल’ हा प्रकार रूढ केला, ज्यात कथा मोजून शंभर शब्दांची असावी लागते, एकही कमी नाही की जास्त नाही. वरवर खेळ वाटणाऱ्या या अटीचा उपयोग अडलेल्या लेखकांना फार झाला, कारण काय लिहावे या प्रश्नाची जागा कोणता शब्द काढावा या प्रश्नाने घेतली, आणि त्याचे उत्तर एका बैठकीत सापडू शकत होते.

१९९८ मध्ये ‘फॅनफिक्शन डॉट नेट’ हे कथासंग्रहाचे संकेतस्थळ आणि १९९९ मध्ये ‘लाइव्हजर्नल’ ही दैनंदिनीवजा सेवा सुरू झाल्यावर हे सारे पडद्यावर आले. विशेषतः लाइव्हजर्नलवर एकेका मालिकेभोवती, कधी कधी एकेका पात्राभोवतीही, छोटी मंडळे जमली, आणि त्यांनी जुन्या उपायांना नवे रूप दिले. कथेसाठी एखादा शब्द, चित्र किंवा प्रसंग सुचवणे म्हणजे ‘प्रॉम्प्ट’. ठरावीक मुदतीत कथा देण्याचे आवाहन म्हणजे ‘चॅलेंज’. आणि प्रसिद्धीपूर्वी मसुदा वाचून दुरुस्त्या सांगणारा मित्र म्हणजे ‘बीटा’, ही संज्ञा सॉफ्टवेअरच्या चाचणीवरून आलेली.

या सगळ्यांत २००३ मध्ये सुरू झालेला ‘यूलटाइड’ हा वार्षिक उपक्रम अधिक तपशिलाने पाहण्याजोगा आहे, कारण तो मुद्दाम अशाच कलाकृतींसाठी काढला गेला ज्यांचे चाहते मुळातच थोडे होते किंवा पांगून थोडे उरले होते. प्रत्येक सहभागी आपल्याला कोणत्या कलाकृतीवर कथा हवी आणि आपण कोणत्या कलाकृतींवर लिहू शकतो हे कळवतो. त्यानुसार जोड्या लावल्या जातात, आणि आपल्या वाट्याला आलेल्या माणसासाठी किमान एक हजार शब्दांची कथा प्रत्येकाने लिहायची असते. लिहिणारा कोण हे ठाऊक नसल्याने मागणी करणारे त्या अनामिकाला उद्देशून पत्र लिहून आपल्या आवडीनिवडी सांगतात. कथा २५ डिसेंबरला खुल्या होतात, लेखकांची नावे १ जानेवारीला. ऐन वेळी कोणी हात टेकले, तर त्याच्या जागी ‘पिंच हिटर’ उतरतो. मराठी वाचकाला हा शब्द क्रिकेटमुळे परका नाही. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून दिवाळी अंकांची परंपरा असलेल्या समाजाला यातील मर्म सहज कळावे: संपादकाचे पत्र वेळेवर आले नसते, तर कितीतरी मराठी कथा लेखकाच्या डोक्यातच राहिल्या असत्या. फरक इतकाच, की यूलटाइडमध्ये संपादक, लेखक आणि ग्राहक ही तिन्ही कामे तीच माणसे करतात.

लाइव्हजर्नलवरील ही मंडळे पुढे विरळ होत गेली. या ओहोटीची कारणे मात्र साहित्यबाह्य होती. मे २००७ मध्ये लाइव्हजर्नलच्या चालकांनी आक्षेपार्ह मजकुराच्या तक्रारींवरून सुमारे पाचशे खाती एकाएकी बंद केली, आणि बंद खात्यांच्या नावावर आडवी रेघ दिसत असल्याने या घटनेला ‘स्ट्राइकथ्रू’ असे नाव पडले. त्याच वर्षाअखेर ही सेवा एका रशियन कंपनीकडे गेली. परक्याच्या वाड्यात बिऱ्हाड करण्यातला धोका ओळखून चाहत्यांनी २००७ मध्येच ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही विनानफा संस्था काढली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये तिचे ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे कथाभांडार सर्वांना खुले झाले. २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथाविश्वातील ह्यूगो पुरस्कारही मिळाला. भांडाराने कथा वाचवल्या, यात शंका नाही. पण भांडार म्हणजे कट्टा नव्हे. तेथे ‘कुडोस’ नावाची कळ दाबून शब्दाविना दाद देता येते, आणि ही सोय जितकी उदार तितकीच घातक ठरली असे म्हणावे लागते, कारण अडलेल्या लेखकाला पुढे रेटणारा प्रश्न, म्हणजे ‘मग तिचे पुढे काय झाले?’, कळ दाबून विचारता येत नाही.

तरीही काही माणसे विरळ झालेल्या मंडळांतच राहिली. यूलटाइड त्या भांडारात हलला आणि आजही दर डिसेंबरात भरतो. त्याच संस्थेचा ‘ओपन डोअर्स’ हा प्रकल्प बंद पडू घातलेली जुनी संकेतस्थळे तेथील कथांसह भांडारात आणून ठेवतो. कथेशी नाते तोडू पाहणाऱ्या लेखकाला ती पुसून न टाकता ‘अनाथ’ करता येते, म्हणजे नाव जाते आणि कथा राहते. अपुऱ्या कथांची नोंदही तेथे वेगळ्या रीतीने होते: प्रकाशित प्रकरणांचा आकडा, मग तिरपी रेघ, आणि एकूण प्रकरणे किती होणार हे लेखकाने सांगितले नसेल, तर त्या आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह. हे चिन्ह कितीही वर्षे तसेच राहू शकते, आणि सात प्रकरणांवर थांबलेल्या कथेचे आठवे प्रकरण आले तर सातच्या जागी आठ होतात.