मुलकोवालची बाटली

पायात खिळा गेला किंवा खुरप्याचा घाव लागला, की सोलापूरकडचा शेतकरी आज धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन येतो आणि दुसऱ्या दिवशी रानात जातो. दोष गंजाला दिला जातो. खरा दोष मातीचा आणि शेणखताचा. त्यांत धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू वर्षानुवर्षे पडून असतात. या जंतूला प्राणवायू सोसत नाही. उघड्या जखमेत तो वाढत नाही, पण खोल, अरुंद, वरून मिटलेल्या जखमेत त्याचे फावते. अशा अवायुजीवी जंतूंना पकडण्याचे शास्त्र कोवळे होते, त्या काळात मुंबईच्या एका प्रयोगशाळेवर एकोणीस माणसांच्या मृत्यूचा ठपका आला.

१८९६ साली मुंबईत प्लेग उतरला आणि तिथून मुलूखभर पसरला; सोलापूरही त्यातून सुटले नाही. वॉल्डेमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ त्याआधी कलकत्त्याकडे कॉलऱ्याची लस टोचत होता. त्याला मुंबईला बोलावले गेले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तोकड्या जागेत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. लसीची कृती ऐकताना स्वयंपाकघराची आठवण होते. धर्माच्या अडचणी नकोत म्हणून बोकडाच्या मांसाचा रस, आणि त्यावर तुपाचे थेंब. तुपाच्या तवंगाखाली प्लेगचे जंतू गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे वाढत. हीच त्यांची ओळख. बाटलीत दुसरे काही शिरले तर ही शिस्त बिघडे आणि ते डोळ्यांना दिसे. वाढ पुरी झाली की उष्णता देऊन जंतू मारायचे आणि कार्बोलिक आम्ल घालायचे. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. मागणी अफाट वाढली, तेव्हा हाफकिनने कृती बदलली. नव्या पद्धतीत कार्बोलिक वगळले आणि भिस्त उष्णतेवर ठेवली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यात, मुलकोवाल गावी, १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतल्या एकोणीस जणांना ५३-एन अशी खूण असलेल्या एकाच बाटलीतली लस मिळाली होती. त्या एकोणीसही जणांना धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. बाकीच्यांना काही झाले नाही. बाटली परळला ४१ दिवसांपूर्वी भरलेली होती.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्याच्यापुढचा प्रश्न एका वाक्यात मांडता येतो: जंतू परळला शिरला की मुलकोवालला? आयोगाचे बोट परळकडे गेले. कार्बोलिक वगळले, म्हणून हे घडले, असा सूर निघाला. हाफकिनला पदावरून दूर केले गेले आणि तो इंग्लंडला परतला.

आता प्रयोगशाळेच्या बाजूने पाहू. १८८९ साली कितासातो याने बर्लिनमध्ये कॉखच्या प्रयोगशाळेत धनुर्वाताचा जंतू प्रथम शुद्ध स्वरूपात मिळवला. त्याआधी निकोलायरने १८८४ साली मातीतून तो रोग प्राण्यांत उतरवून दाखवला होता, पण सोबतच्या जंतूंतून त्याला वेगळा काढणे जमले नव्हते. कितासातोची युक्ती साधी होती. जखमेतल्या पुवाचे मिश्र संवर्धन त्याने ८० अंशांवर तापवले. बाकीचे जंतू मेले, धनुर्वाताचे बीजाणू जगले. मग हवेऐवजी हायड्रोजन भरून ते वाढवले. सूक्ष्मदर्शकाखाली ते ढोल बडवायच्या टिपरीसारखे दिसतात: एक टोक बारीक, दुसऱ्या टोकाला बीजाणूची गोळी. नुसत्या आकारावर विसंबून चालत नाही, म्हणून उंदराची परीक्षा. संशयित द्रव दोन उंदरांना टोचायचा, त्यांतल्या एकाला आधी प्रतिविष द्यायचे. प्रतिविष न मिळालेला ताठ होऊन मरतो, दुसरा फिरत राहतो. प्रतिविष बेहरिंग आणि कितासातो यांनी १८९० साली शोधले, म्हणजे मुलकोवालच्या वेळी ही परीक्षा उपलब्ध होती.

इथे एक गोष्ट हाफकिनच्या विरुद्ध जाते, ती झाकण्यात अर्थ नाही. प्लेगचा जंतू मारायला पुरणारी उष्णता धनुर्वाताच्या बीजाणूला मारत नाही. ८० अंश सोसणारा बीजाणू त्याहून कमी तापाला काय दाद देणार? पण मग कार्बोलिक तरी कुठे उपयोगी पडले असते? बीजाणू पाच टक्के कार्बोलिकमध्येही दहा-दहा तास तग धरतात, हे कितासातोनेच दाखवले होते. लसीत घालायचे कार्बोलिक त्याच्या मानाने अगदीच किरकोळ. आयोगाने ज्या कुलुपावर बोट ठेवले, ते या चोराला अडवणारे नव्हतेच.

दुसऱ्या बाजूला दोन साक्षी होत्या. बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकमध्ये बुडवून घेतला, आणि त्याच चिमट्याने बूच काढले गेले. गावातली जमीन, गुरांची वर्दळ, शेणाची धूळ. बीजाणू मिळायला याहून सोयीची जागा नाही. दुसरी साक्ष नाकाची. उघडल्यावर प्रत्येक बाटली हुंगून पाहायची, अशी हाफकिनची सूचना होती. डॉक्टर एलियट यांना वास आला नव्हता. मांसरसात हा जंतू चाळीस दिवस वाढला असता तर बाटली नाकाला धरवली नसती. मला या सगळ्यात हा पुरावा सर्वांत बोलका वाटतो. उपकरणे अपुरी असताना नाक हेही उपकरणच होते, आणि आयोगाने त्याला पुरेसे वजन दिले नाही.

१९०७ च्या जुलैत रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये सही करून हाफकिनवरचा आरोप सिद्ध होत नाही असे लिहिले. त्याच वर्षी सरकारने त्याला पुन्हा नोकरी देऊ केली. तो परतला तो कलकत्त्याला. ज्या परळच्या संस्थेचा पाया त्याने घातला, तिचे प्रमुखपद त्याला पुन्हा मिळाले नाही.

अवायुजीवींना वाढवण्याची सोपी साधने पुढच्या महायुद्धाने दिली. खंदकांतल्या चिखलाने सैनिकांच्या जखमा सडू लागल्या, तेव्हा म्युरिएल रॉबर्टसन यांच्या नावाचे शिजवलेल्या मांसाच्या तुकड्यांचे माध्यम रूढ झाले. मांसातली द्रव्ये प्राणवायू शोषून घेतात आणि नळीच्या तळाशी जंतू सुखाने वाढतात. १९१६ साली मॅकिन्टॉश आणि फिल्ड्स यांची हवाबंद बरणी आली. सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयासह कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थी आज ही दोन्ही नावे परीक्षेसाठी पाठ करतो. त्याला मुलकोवालचे नाव सहसा सांगितले जात नाही.

परळच्या संस्थेला १९२५ साली हाफकिनचे नाव देण्यात आले. तेव्हा तो युरोपात राहत होता. १९३० साली लोझान इथे वारला.