मोटारींचे पाठभेद

पाठचिकित्सा शिकवताना अलीकडे मला हस्तलिखितांइतकीच जुन्या मोटारींची उदाहरणे उपयोगी पडू लागली आहेत. मूर्तिजापूरच्या विद्यार्थ्याला यंत्राचे जुनेपण सांगावे लागत नाही. १९२१ साली मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन आमच्या ‘शकुंतले’च्या सेवेत १९९४ पर्यंत होते. एवढ्या वर्षांच्या दुरुस्त्यांनंतर मूळचे काय उरते, हा प्रश्न त्याला सहज सुचतो.

मोटारींच्या बाबतीत मात्र ‘मूळ’ म्हणजे काय, हेच आधी ठरवावे लागते. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. सुटे भाग परदेशातून पेट्यांत भरून येत आणि शेव्हरोले इथे उभी राही. पुढे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला क्रायस्लर समूहाच्या गाड्या जुळवल्या. त्यांतली ‘डॉज किंग्जवे’ पाहण्यासारखी आहे. तिचा सांगाडा प्लिमथचा, तोंडवळा डॉजचा. खुद्द अमेरिकेतल्या डॉजची पुस्तिका उघडून तिचे भाग ओळखू पाहणाऱ्याला ते खोटेच वाटणार! वास्तविक हा निर्यातीसाठी सिद्ध केलेला स्वतंत्र पाठ आहे.

इथे आपल्या वऱ्हाडातल्या रिद्धपूरची आठवण होते. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची प्रत धामधुमीत हरवली आणि शिष्यांनी ते स्मरणातून पुन्हा सिद्ध केले. हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ, परशरामबासांचा पाठ असे भेद त्यातून आले. त्यांतल्या एकालाच खरा मानून बाकीचे प्रक्षिप्त ठरवणारा अभ्यासक आपण अडाणी म्हणू. जुन्या गाड्या ‘मूळ रूपात’ आणणारे हौशी लोक मात्र नेमके हेच करतात. अमेरिकन यादीत नसलेला भाग भंगारात जातो आणि त्याबरोबर शिवडी-कुर्ल्याच्या जुळणीचा पुरावाही जातो.

अर्थात प्रत्येक विचित्र भाग पवित्र नव्हे. ओतीव भागावरचा आकडा साच्याचा असतो, गाडीचा नव्हे. त्यावरून वर्ष ठरवण्याची घाई करू नये. इंचाच्या आट्यांच्या अमेरिकन गाडीत मिलिमीटरचा बोल्ट आढळला, तर तो बहुधा नंतरचा हात. प्लिमथ-डॉज गाड्यांच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा ठोकळा अमेरिकेत सुमारे २३ इंचांचा, कॅनडात सुमारे २५ इंचांचा. दोन्ही दिसायला सारखेच, म्हणून गॅस्केट मागवण्याआधी टेप लावावा. भागाशेजारी जुनी, वापरात नसलेली भोके दिसली, तर तिथे पूर्वी दुसरेच काही बसत होते.

राहता राहिला गॅरेजमध्ये लेथवर कातलेला भाग. आयातीवर निर्बंध असताना सुटा भाग मिळणे दुरापास्त होते, तेव्हा कोणा कारागिराने तो घडवला. कारखान्याच्या संहितेत तो नाही, पण गाडी चालती राहिली ती त्याच्यामुळे. तो काढायचाच असेल, तर चिठ्ठी बांधून गाडीबरोबरच ठेवावा.