रांगेत ताटकळणारी माहिती

लिनक्सच्या संगणकावर बिनतारी इंटरनेट रखडू लागले की आपण कार्डाच्या ड्रायव्हरला किंवा जोडणी देणाऱ्या कंपनीला बोल लावतो. कित्येकदा तो रास्तही असतो. पण रखडण्याचे एक कारण असे होते की, ते बराच काळ कुणाच्या ध्यानातच आले नाही.

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि जेमतेम ४०० यार्डांवरचे बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. तब्बल आठशेपट! व्हॅन जेकबसन यांनी कारण शोधले. गर्दीमुळे माहितीची पाकिटे पोचत नव्हती. मग संगणक ती पुन्हा पाठवत आणि गर्दीत भरच घालत. जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय साधा होता: पाकीट हरवले की पुढे गर्दी आहे असे समजावे आणि वेग कमी करावा.

पुढे स्मृती स्वस्त झाली. पाकीट हरवू नये म्हणून उत्पादकांनी यंत्रांत मोठमोठ्या रांगांची सोय केली. हेतू चांगलाच, पण पाकीट हरवेना, म्हणून गर्दीची खूणही मिळेना! पाठवणारा पाठवतच राहिला. २०१० मध्ये जिम गेटिस यांनी घरून मोठ्या फाइली पाठवताना पाहिले, तर एरवी क्षणात येणाऱ्या उत्तराला सेकंदाहून अधिक वेळ लागत होता. या दोषाला त्यांनी 'बफरब्लोट' म्हटले. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी रांगेच्या लांबीऐवजी पाकिटाला किती वेळ थांबावे लागते ते मोजणारी 'कोडेल' ही पद्धत दिली. त्याच वर्षी ती लिनक्समध्ये आली.

वाय-फाय मात्र सुधारले नाही. त्याच्या ड्रायव्हरमध्ये खाली आणखी एक रांग होती, तिच्यापर्यंत कोडेलचा हात पोचत नव्हता. शिवाय २००३ मध्येच ग्रनोबल येथील संशोधकांनी दाखवले होते की वाय-फाय सर्वांना सारखा वेळ नव्हे, सारख्या पाळ्या देते. कोपऱ्यातला संगणक १ मेगाबिटने बोलत असेल, तर शेजारच्या ११ मेगाबिटवाल्यालाही १ मेगाबिटच्या आत समाधान मानावे लागते. संगणककक्ष सांभाळणाऱ्या शिक्षकांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. खालची रांग कोडेलच्या ताब्यात आणून हवेतला वेळ समान वाटण्याचे काम लिनक्समध्ये झाले; स्वीडनमधील कार्लस्टाड विद्यापीठाच्या टोके होइलँड-योर्गेनसेन आणि सहकाऱ्यांनी ते २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. भाराखालचा विलंब सुमारे दहापटीने घटला. अर्थात ही दुरुस्ती प्रत्येक कार्डाच्या ड्रायव्हरपर्यंत पोचलेली नाही.

वर्गात पडताळणी सोपी आहे. माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला 'पिंग' हा छोटा प्रोग्राम लिनक्समध्ये असतोच; सोनारप्रमाणे हाक द्यायची आणि उत्तराचा वेळ मोजायचा. प्रथम नुसत्या राउटरला हाक द्यावी, मग मोठी फाइल उतरवत असताना पुन्हा द्यावी. आकडे पहिल्यापासूनच मोठे किंवा अनियमित असतील तर अंतर, भिंती, शेजारचे वाय-फाय किंवा कार्डाची वीजबचत तपासावी. भार पडताच शेकडो मिलिसेकंदांवर उडी गेली तर रांग वाय-फायच्या टप्प्यातच आहे. राउटरचे उत्तर झटपट आणि बाहेरच्या संगणकाचेच उशिरा येत असेल, तर रांग राउटरच्या पलीकडे, बाहेरच्या जोडणीत आहे.