प्याला कोण भरतो?

मंडळी, मराठी नाटकाचा इतिहास आपण आधी नाटककारांचा लिहिला, मग नटांचा. फार झालं तर पडदे रंगवणाऱ्यांचा. आज ज्याच्याकडे बघायचं आहे त्याला नाटकातली माणसं नुसतं ‘प्रॉपर्टीवाला’ म्हणतात. पत्र, अंगठी, तलवार, टेलिफोन, जे काही नटाच्या हातात जायचं ते वेळेवर आणि जागेवर ठेवणं, यात त्याचं आयुष्य जातं.

हे काम किती जुनं? नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाचे चार भाग सांगितलेत: पुस्त, अलंकार, अंगरचना आणि सज्जीव. पुस्त म्हणजे रंगमंचासाठी बनवलेल्या कृत्रिम वस्तू. तिथे भरतमुनी बजावतात की शस्त्रं लोखंडाची करू नका, जड होतात, नट दमतो. बांबू, लाख, कातडं, कापड, अभ्रक वापरा. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण इतका व्यवहारी सल्ला मोठ्या ग्रंथांत फार कमी वेळा भेटला. नटाला घामाघूम झालेलं ज्यानं विंगेतून पाहिलंय, त्याचंच हे ज्ञान.

आता आपल्याकडे येऊ. सांगलीला १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं. स्वयंवर म्हटलं की धनुष्य आलंच! पुढे ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. त्या नाटकातली अंगठी बघा. चौथ्या अंकात शकुंतलेच्या सख्या तिच्या भरवशावर निर्धास्त असतात, पाचव्यात ती बोटात सापडत नाही, सहाव्यात कोळ्याकडे निघते. म्हणजे वस्तू हजर ठेवायची तशी गैरहजरही ठेवायची. ‘नसणं’ हाही पदार्थ आहे असं वैशेषिक म्हणतात; प्रॉपर्टीवाल्याला ते न वाचताच ठाऊक असतं.

१९१९ सालच्या ‘एकच प्याला’त तर वस्तूच नाटकाच्या नावात येऊन बसली. नाटकातली दारू म्हणजे बहुधा कोरा चहा, नाहीतर रंगीत सरबत. नट ते खरंच पिणार, म्हणून चांगलं हवं. आणि शेवटच्या रांगेतून दारू दिसायला हवी. पेला नाटककाराचा, झिंग नटाची, पण भरतो तिसराच.

त्या काळी कंपनीचं एक बिऱ्हाडच असे. मुक्काम हलला की पेटारे आगगाडीत, आणि पेटाऱ्यांबरोबर माणसं. पगार थकायचा, पण पंगतीत पान असायचं. बोलपट आले, कंपन्या मोडत गेल्या, तसं ते पानही गेलं.

दरम्यान कामही बदललं होतं. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ आलं आणि वास्तववादाची चर्चा सुरू झाली. पडद्यावर रंगवलेलं कपाट कुणी उघडत नाही. रंगमंचावर खरी खोली मांडली की कुणीतरी ते उघडतंच, आणि मग आत काहीतरी ठेवावं लागतं! ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (१९६७) सामंताच्या हातातला हिरवा कापडी पोपट आठवा. शेवटी तो बेणारेजवळ ठेवला जातो. त्या क्षणी पोपट दुसऱ्या गावच्या पेटीत राहिला असेल तर तेंडुलकर तरी काय करणार?

आज हा माणूस ‘नाइट’वर जगतो. प्रयोग झाला तर पैसे. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली आणि नाइटच संपल्या. पडदा पुन्हा वर जाईपर्यंत काहींनी दुसरी कामं धरली होती. त्यांच्या जागी नवी मुलं आली, पेट्या त्यांच्या ताब्यात गेल्या. पण दुसऱ्या अंकाच्या काळोखात कुठली वस्तू कुठल्या विंगेतून, कुणाच्या कुठल्या हातात द्यायची, हे पेटीवर लिहिलेलं नसतं. ते जुन्या माणसाला फोन करून विचारावं लागतं, आणि तो उचलेल तेव्हाच कळतं.