ओसरीवरचा शेजारी



शेजारी निवडून घेता येत नाही, तो लाभतो. लाभलेल्या शेजाऱ्याशी कसे वागावयाचे, हा प्रश्न कुटुंबाप्रमाणे राष्ट्रांनाही पडतो. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजमंडलाची जी मांडणी केली, तीत सीमेला लागून असलेला राजा हा स्वभावतःच शत्रू आणि त्याच्या पलीकडचा राजा हा मित्र मानला आहे. युरोपीय संघाने या शतकाच्या आरंभी नेमका उलटा प्रयोग केला. सीमेवरच्या प्रत्येक देशास मित्र करावयाचे, मात्र घरात घेण्याचे वचन द्यावयाचे नाही, असा तो प्रयोग होता. त्याचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

१९५७ साली रोम येथे सहा देशांनी करार करून आर्थिक समाजाचा पाया घातला. हे घर पुढे वाढत गेले. गोमंतकीय श्रोत्यांस सुपरिचित असलेला पोर्तुगाल १९८६ च्या आरंभी स्पेनसह त्यात आला. सभासदत्व मागण्याचा अधिकार करारान्वये युरोपीय राष्ट्रासच होता. म्हणून मोरोक्कोने १९८७ साली केलेला अर्ज मान्य झाला नाही. १ मे २००४ रोजी एकदम दहा देश आत आले आणि सभासदांची संख्या २५ झाली. घर मोठे झाले की कुंपणही लांबते. पोलंड, स्लोव्हाकिया व हंगेरी आत आल्यामुळे युक्रेन हा संघाचा सख्खा शेजारी झाला. या नव्या सीमेवर गरिबी आणि अस्थैर्य होते. परंतु आणखी देशांस आत घेण्याचा उत्साह जुन्या सभासदांत उरला नव्हता.

या पेचातून शेजार-धोरण जन्मास आले. संघाच्या आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष रोमानो प्रोदी यांनी २००२ च्या डिसेंबरात त्याचे सूत्र मांडले : भोवती मित्रांचे कडे उभारावयाचे आणि संघाच्या संस्था वगळून बाकी सर्व काही त्यांच्याशी वाटून घ्यावयाचे. दक्षिणेस मोरोक्कोपासून सीरियापर्यंतचे दहा आणि पूर्वेस युक्रेन, बेलारूस, मोल्दोव्हा, जॉर्जिया, आर्मेनिया व अझरबैजान हे सहा, असे सोळा भागीदार ठरले. रशियाने या पंगतीत बसण्याचे नाकारले व स्वतंत्र बरोबरीचे नाते मागितले. पोलंड व स्वीडन यांच्या पुढाकाराने ७ मे २००९ रोजी प्राग येथे पूर्वेकडील सहा देशांसाठी वेगळी भागीदारी स्थापन झाली.

व्यवहार असा होता. भागीदाराने आपले कायदे, न्यायालये व जकातीची व्यवस्था संघाच्या नियमांप्रमाणे सुधारावयाची. मोबदल्यात त्यास व्यापाराची सवलत, प्रवासाची मोकळीक आणि द्रव्य मिळावयाचे. २०१४ ते २०२० या सात वर्षांसाठी १५ अब्ज ४० कोटी युरो राखून ठेवण्यात आले होते. परंतु या नियमांच्या घडणीत भागीदारास मत नव्हते. ओसरीवर पाट मांडला होता. माजघरात काय शिजते, हे ठरविण्याचा अधिकार मात्र पाहुण्याचा नव्हता.

खरी कसोटी २०१३ साली लागली. सप्टेंबरात आर्मेनियाने अकस्मात रशियाच्या जकात-संघात जाण्याचे जाहीर केले. नोव्हेंबरात युक्रेनचे अध्यक्ष यानुकोविच यांनी ठरलेल्या करारावर सही करण्याचे थांबविले. कीव्हच्या चौकात लोक जमले, हिवाळाभर तेथेच राहिले, आणि फेब्रुवारी २०१४ पर्यंत सुमारे शंभर निदर्शक प्राणास मुकले. यानुकोविच देश सोडून गेले. रशियाने क्रिमिया बळकावला. ज्या करारात सभासदत्वाचे वचनही नव्हते, त्यासाठी माणसांनी प्राण दिले, ही गोष्ट ब्रुसेल्सच्या कचेऱ्यांत कोणी कल्पिली नसेल. संघाच्या लेखी जे मित्रांचे कडे होते, ते मॉस्कोच्या दृष्टीने आपल्याच अंगणावरील अतिक्रमण होते. कौटिल्याचे मंडल असे मागच्या दाराने परत आले.

तथापि हे धोरण सर्वस्वी निष्फळ ठरले, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. मोल्दोव्हाच्या नागरिकांस २०१४ मध्ये, तर जॉर्जिया व युक्रेनच्या नागरिकांस २०१७ मध्ये अल्पकालीन प्रवासासाठी व्हिसाची अट उरली नाही. या देशांच्या तरुण पिढीने युरोप पुस्तकात नव्हे, डोळ्यांनी पाहिला.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले, आणि शेजारी व सभासद यांमधील जपून ठेवलेली भिंत चार महिन्यांत खचली. २३ जून रोजी युक्रेन व मोल्दोव्हा यांस उमेदवाराचा दर्जा मिळाला; जॉर्जियास तो २०२३ च्या डिसेंबरात मिळाला. पुढची वाट मात्र सरळ नाही. मोल्दोव्हाच्या ऑक्टोबर २०२४ च्या सार्वमतात संघाच्या बाजूने निम्म्याहून किंचितच अधिक मते पडली. जॉर्जियाच्या सरकारने त्याच वर्षी नोव्हेंबरात वाटाघाटी २०२८ च्या अखेरपर्यंत पुढे ढकलल्या, आणि लोक रस्त्यावर आले. उलट आर्मेनियाच्या संसदेने २०२५ च्या मार्चमध्ये संघाच्या दिशेने जाण्याचा कायदा संमत केला.

दक्षिणेकडील दहांस असे दार नाहीच. २०११ च्या अरब उठावांनंतर अधिक सुधारणा करील त्यास अधिक साहाय्य, असे जाहीर झाले. परंतु जुलै २०२३ मध्ये ट्युनिशियाशी जो समझोता झाला, त्यात समुद्रमार्गे येणाऱ्या स्थलांतरितांस रोखण्यावर मोठा भर होता. मित्र म्हणून ज्यास बोलाविले, त्याच्या हाती पहारेकऱ्याची काठी आली.

शेजाऱ्यास घरात घेणे न घेणे हा घरमालकाचा अधिकार आहे, हे मान्य करावयास हवे. मात्र त्यास आपली रीत शिकवावयाची, त्याचा जुना आसरा सोडावयास लावावयाचे आणि संकटाच्या रात्री दार उघडावे की नाही याचा विचार करीत बसावयाचे, हे शेजारधर्मात बसत नाही. युरोपने दार उघडले, हे खरे. ते उघडण्यापूर्वी युक्रेनने मोजलेली किंमतही तितकीच खरी आहे.